आबांचं खापर

आमचे आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि भडगावात येऊन फुटकी मडकी गोळा करू लागले. गिरणा नदीचा काठ ढासळला की आबा खुरपं घेऊन हजर! पडवीतल्या खोलीत मडक्यांचे तुकडे जवानांसारखे रांगेत उभे. गाव त्या खोलीला उकिरडा म्हणायचं. आबा ते मनावर घेत नसत. (घेत असत. जिजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माहीत होतं.)

एका उन्हाळ्यात मात्र त्यांना जवळजवळ अख्खं भांडं सापडलं. गळा तुटलेला, पण पोट शाबूत. धुळ्याच्या एका संग्रहालयातले सर ते बघायला येणार होते. खरंच जुनं निघालं तर ते काचेच्या कपाटात जाणार, आणि गावाची तोंडं बंद होणार. आबांनी त्यांना आखाजीलाच, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बोलावलं. मांडेही होतील म्हणाले.

आखाजीच्या सकाळी आबा पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेले आणि इकडे चुलीवर आमचं मांड्यांचं खापर, मांडे भाजायचं पालथं मडकं, टक्‌ करून दुभंगलं. घरात गॅस आला होता, पण मांडे गॅसवर करायचे म्हटलं तर जिजी माहेरी निघून गेल्या असत्या. कुंभाराकडची खापरं आदल्या दिवशीच संपलेली.

तेवढ्यात मला अंगणात गोणपाटावर पालथं घातलेलं एक गोल, काळंभोर, स्वच्छ धुतलेलं खापर दिसलं.

"जिजी, आबांनी जास्तीचं खापर आणून ठेवलंय!"

"तुना सासरा अन घरनं काम?" जिजी म्हणाल्या.

"फौजी माणूस. राखीव ठेवणारच," मी म्हटलं आणि ते चुलीवर चढवलं.

काय मांडे होत होते म्हणून सांगू! पातळ, मऊ, कुठे करपणं नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते. तेवढ्यात आबा पाहुण्यांना घेऊन अंगणात आले आणि रिकाम्या गोणपाटापाशी थांबले.

"सूनबाई, इथली वस्तू?"

माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरलेला. मी हनुवटीने चुलीकडे खूण केली.

आबांचा चेहरा गोणपाटासारखा झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हातातला मांडा टाकून मी पाण्याचा तांब्या उचलला, चूल विझवायला.

"पाणी नका टाकू!" धुळ्याचे सर ओरडले. "तडकेल ते!"

मी तांब्या छातीशी धरून तशीच उभी राहिले. आबांनी एकेक लाकूड हलक्या हाताने बाहेर ओढलं. मग आम्ही सगळे चुलीभोवती बसून खापर निवायची वाट बघत राहिलो. आबा बसले नाहीत, सावधानमध्ये उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. जिजी पुटपुटल्या, "माय वं, हाई काय व्हयनं!"

शेवटी सरांनी खापर उचललं, उजेडात फिरवलं, बोटाने वाजवलं. खणखणीत आवाज आला.

"काही झालेलं नाही सुभेदारसाहेब. आणि भांडं खरंच फार जुनं आहे. आम्ही ठेवून घेऊ."

आबा मटकन पाटावर बसले आणि पंच्याने डोळे पुसू लागले. धूर फार झालाय म्हणाले. माझ्या तर जिवात जीव आला, तांब्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

"आते वाढू का?" जिजींनी विचारलं.

सरांनी मांडे आमरसात बुडवून पोटभर खाल्ले. निघताना म्हणाले, "ही काजळी तेवढी साफ करून घेऊ."

"राहू द्या," आबा म्हणाले. "तेवढीच आमच्या घरची निशाणी."

पुढे आबा येईल त्या पाहुण्याला धुळ्याला न्यायचे आणि कपाटापुढे उभं करून सांगायचे, "भांडं पूर्वजांचं. काजळी आमच्या सूनबाईंची."

आता लेक कधी चिडून विचारते, "आई, तू आयुष्यात केलंस तरी काय?" मी म्हणते, धुळ्याला जाऊन बघ. काचेत ठेवलंय.