अस्वलाच्या बापाला मी नापास केलं

आता हे कुठून सुरू करू? जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, आणि म्हातारपणी मीच अशी नापास झाले! हसा खुशाल, फक्त चहा सांभाळा.

आमच्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांना कार्टून दाखवायचं असलं, की आधी ते मी तपासणार. जादूटोणा आहे का? आईबापांना उलट उत्तरं आहेत का? माझ्या तावडीतून आजवर एकच कार्टून सुटलं, तेही गोगलगायीचं होतं म्हणून!

गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमकं तेव्हाच चर्चच्या पाळकसाहेबांनी नवं कार्टून पाठवलं. मराठी आवाज अजून भरायचा होता, नुसती चित्रं. डॉक्टरांनी मोबाईल बघायला बंदी घातलेली. "साहेब, यावेळी नाही जमणार," असं म्हणायला काय झालं होतं मला? पण नाही! माझ्यावाचून मुलं बिघडतील ना!

शेजारच्या सुमनमावशी दिवसातून चारदा माझ्या डोळ्यांत थेंब घालायला यायच्या. मूळच्या परंदवडीच्या, बौद्ध, जिवाला जीव देणारी बाई. मोबाईल त्यांच्या हातात दिला. "मावशी, तुम्ही बघा आणि सांगा. मी तपासते."

"अस्वलं हायती बाई. म्हातारा बाप न् त्याची पोरं. धाकटं भांडतंय. वाटनी मागतंय जनू."

"बाप जिवंत असताना? उद्धट कार्टं! पुढे?"

"फटफटी घेतली. गॉगल लावला. आवो, आमच्या तिकडं जमिनी इकून पोरांनी केलं, त्येच की! नुस्तं नाचगानं... आता समदं संपलं. उकिरड्यावर बसून सालं चाटतंय बिचारं."

"चांगली अद्दल घडली. मग?"

"घरला निघालं. आगं बया, बाप पळत सुटला!"

"काठी घेऊन ना?"

"न्हाई वो! मिठी मारली. नवी कापडं दिली. जेवनावळ घातलीया लय मोटी!"

"पुरे! बंद करा तो मोबाईल!"

लगेच पाळकसाहेबांना व्हॉइस मेसेज. "साहेब, मी दोनदा नीट बघितलं. मुलांना अजिबात दाखवू नका. उधळपट्टीला बक्षीस! आणि असला बावळट बाप तर मी या डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला!"

संध्याकाळी पाळकसाहेब घरी हजर.

"बाई, अस्वलं दाखवलीत खरी, पण तो उधळ्या पुत्राचा दाखला आहे. आपल्या येशूनं सांगितलेली गोष्ट."

मी ताडकन उठून बसले.

"आणि त्यातला बाप..."

"नका सांगू साहेब!"

अहो, तीस वर्षं हा दाखला मीच शिकवतेय! त्यातला बाप म्हणजे कोण, हे आमचं पाच वर्षांचं पोरही सांगेल. मी प्रत्यक्ष देवबापाला बावळट म्हटलं होतं! तेही न बघता, वर दोनदा बघितल्याची थाप मारून!

मला रडूच कोसळलं. "डोळ्यात पानी न्हाई आनायचं!" थेंब घालायला आलेल्या मावशी ओरडल्या. मी सगळं कबूल केलं. वाटलं, संपलं आपलं संडे स्कूल.

पाळकसाहेबांनी तो मेसेज माझ्यासमोरच पुसला. "रविवारी या. मुलं रोज विचारतात, बाई कधी येणार?" बस्स. एवढंच बोलले हो! त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू?

ते गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "मला तर त्यो बाप लय आवडला हुता. पर तुमी शिकलेल्या, म्हनून गप ऱ्हायले."

रविवारी काळा चष्मा लावून, मावशींचा हात धरून गेले. त्यांना शेजारीच बसवून घेतलं. बाप पळत सुटला तेव्हा मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग मी बंद करायला लावलेला तो शेवट आला. आत जेवणावळ चाललेली, आणि थोरलं अस्वल अंगणात फुगून बसलेलं. 'असल्याला कसलं जेवण घालता?' असा त्याचा चेहरा. बाप बिचारा बाहेर येऊन त्याचीही मनधरणी करतोय, आणि तिथेच कार्टून संपलं!

पुढच्या रांगेतली छोटी रूथ वळून विचारते, "बाई, ते मोठं अस्वल शेवटी आत गेलं का?"

"गेलं गं बाळा," मी म्हटलं. "काळा चष्मा लावून मावशींच्या शेजारी बसलंय, दिसत नाही का?"