लेक दूध पीत नव्हती

लेक वर्षाची झाली आणि माझी बदली लातूरला झाली. नवरा हिमायतनगर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. त्याची बदली इतक्यात होणार नव्हती. तिकडून निघायचं, नांदेडला उतरायचं, तिथून लातूरची एस.टी. धरायची, यात दिवस जायचा. म्हणून तो पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारी दुपारी जेवण झालं की पिशवी उचलायचा. मधल्या दिवसांत आम्ही दोघीच.

खोली मिळाली ती क्लासेसच्या भागात. सगळी गल्ली म्हणजे वसतिगृहं, अभ्यासिका आणि मेस. पाठीवर दप्तरं टाकून पोरंपोरी सकाळी लोंढ्यानं जायची आणि मग गल्ली चिडीचूप व्हायची. उंबऱ्यात बसलेली म्हातारी नाही, वाळवण राखणारी बाई नाही. आज भाजीला काय केलं, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. तान्हं लेकरू तर सबंध गल्लीत एकच होतं, माझं.

अंगावरचं दूध मी बाळंतपणाच्या रजेवरून ऑफिसात परत रुजू झाल्यापासून कमी कमी होत गेलं होतं. लेकीच्या पहिल्या वाढदिवसानंतर ते आटलंच. मला त्याची काळजी वाटली नाही. आता गाईचं दूध सुरू करायचं, एवढंच. पहिल्या दिवशी मी वाटी-चमचा घेऊन बसले. तिनं पहिला घोट तोंडात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि ओठांच्या कडेनं तो सगळाच्या सगळा सोडून दिला. रडली नाही, चिडली नाही. मला हसू आलं. चौथ्या दिवशी हसू यायचं बंद झालं.

म्हशीचं आणून बघितलं. पिशवीचं आणून बघितलं. वेलदोडा टाकला, खारकेची पूड टाकली, गूळ घातला, गार दिलं, कोमट दिलं. बाटली बदलली, पेला बदलला. नवरा येताना पावडरचा डबा घेऊन आला, तोही तिला कळला. शेवटी शेवटी तर नुसती वाटी दिसली तरी ती तोंड फिरवायची आणि दोन्ही हातांनी कान धरायची. कान का धरायची ते मला आजही कळलेलं नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणायचा, "पिईल गं. भूक लागली की पिईल." त्याच्या शाळेच्या गावात रेंज धड नसायची. आवाज तुटत तुटत यायचा आणि मी अर्ध्या वाक्यात एकटी उरायची.

ऑफिसात मी नवीन होते. एकदा डबा खाताना बोलून गेले, तर शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, गव्हाच्या दाण्याएवढा चुना वरणात घाला. मोबाईलवर आलंय की. हाडं लोखंडासारखी होतात." मी नुसती मान हलवली. पण त्या दिवशी घरी जाताना पानाच्या टपरीपाशी माझे पाय थांबले होते, हेही खरं. चुना घेतला नाही. घ्यावासा वाटला होता.

मला दुधाचं एवढं का लागलं होतं, ते सांगायला हवं. माझं माहेर देगलूरकडचं. माय-बाबा दोघं दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. गावात दूध मिळायचं, पण ज्या घरी मिळायचं तिथली बाई आमच्या तांब्यात वरून धार सोडायची, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. निम्मं दूध मातीत सांडायचं. बाबांनी एकदा ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दूध आलं नाही. आम्ही भावंडं काळा चहा पिऊन शाळेत गेलो. नोकरी लागल्यावर मी घरात पहिली गोष्ट काय केली असेल, तर दुधाचा रतीब लावला. दारात रोज दूध येतंय आणि ते माझ्या लेकीच्या पोटात जातंय, हे मला बघायचं होतं. आणि ती ते थुंकून टाकत होती.

एका रविवारी, नवरा येणार नव्हता तेव्हा, दुपारी मी तिला मांडीवर आडवी घेतली. तिचे दोन्ही हात माझ्या काखेत दाबले, नाक धरलं आणि चमचा घशापर्यंत नेला. असंच पाजतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्या चमच्याला तिला ठसका लागला. दूध नाकातून आलं. तिचा चेहरा लाल झाला, मग लालसुद्धा राहिला नाही. आवाज येईना. मी तिला पालथी करून पाठीवर थापट्या मारत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, फार वेळ नसेल. मग ती ओरडली. तेवढं मोठं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं, आणि कधी कुठलं रडणं मला इतकं गोड वाटलं नव्हतं.

दारावर टकटक झाली. मला वाटलं, कुणी विचारायला आलं. घरमालक होते. आत न बघताच म्हणाले, "मॅडम, वर पोरं टेस्टचा अभ्यास करून राहिलीत. लेकराला जरा बाहेर फिरवून आणा ना."

मी "हो" म्हणाले. दुधानं ओल्या झालेल्या साडीनं तिला खांद्यावर घेऊन गल्लीतून चालत राहिले. ऊन होतं. अभ्यासिकांच्या काचेआड पोरंपोरी मान खाली घालून बसलेली दिसत होती. एवढी माणसं, आणि मी आत्ता काय केलं ते सांगायला एक नाही. लेक थकून माझ्याच खांद्यावर झोपली. तिला दुसरं होतं तरी कोण?

त्याच संध्याकाळी मायला फोन केला. ती विहारातून वंदना करून नुकतीच आली होती.

"काय खाऊन राहिली मग ती?" मायनं विचारलं.

"वरणभात खाते. केळी खाते. भाकरी कुस्करून दिली तर थोडी."

"मग झालं की."

"दूध न्हाई ना पीत, माय. हाडं कशी होतील तिची?"

"तुला कुठं होतं दूध? तुझी हाडं न्हाई झाली व्हय? नोकरी न्हाई लागली?"

ती हसतच म्हणाली होती. पण माझं दुपारपासूनचं सगळं तोंडाशी आलं होतं, आणि जे सांगायचं होतं ते सोडून भलतंच बाहेर पडलं. "माझे दात बघ ना माय. तिशीच्या आत दोन काढावे लागले."

 मग म्हणाली, "आमाला देता आलं न्हाई बाई. काय करावं."

"तसं न्हाई म्हणत गं मी."

"हाव, हाव. ठिवते. लेकराला जप."

त्यानंतर आठ-दहा दिवस तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय म्हणून करणार होते?

लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी तिचं वजन केलं, उंची मोजली, पाय चाचपले, टाळूवर हात ठेवून बघितलं. मी रविवारचं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडं बघवलं नाही. ते रागावले नाहीत.

"पुन्हा करू नका," एवढंच म्हणाले. "श्वासनलिकेत गेलं असतं तर अवघड झालं असतं. नाक धरून, हात दाबून लेकराला काहीच द्यायचं नाही."

"पण कॅल्शियम?"

"तिला कॅल्शियम पाहिजे. ते दुधातूनच आलं पाहिजे असं कुणी सांगितलं? दही द्या, घरचं पनीर द्या. नाचणी द्या. तीळ भाजून अगदी बारीक कुटून वरणात घाला. शेवग्याचा पाला द्या. डी व्हिटॅमिनचे थेंब लिहून देतो, ते रोज न चुकता. तीन महिन्यांनी रक्त बघू, लागलंच तर औषध देऊ."

मी चुन्याचं विचारलं. ते पहिल्यांदा जरा मोठ्या आवाजात म्हणाले, "अजिबात नाही. तोंड भाजेल तिचं."

मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघीच."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाहेर पुढचं लेकरू रडत होतं. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

मी घरी दही लावलं, नाचणीचं सत्त्व शिजवलं, तीळ कुटले. आणि पुन्हा वाटी-चमचा घेऊन तिच्यासमोर बसले. तिनं कान धरले. दही असो नाहीतर पनीर, पांढरं काही घेऊन मी समोर बसले की ती कान धरायची. मी जबरदस्ती केली नाही. वाटी तशीच उचलून मोरीत ओतली.

दिवसा लेकीला सांभाळायला अक्का होत्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची नोकरी झालेली. निलंग्याकडच्या, त्यामुळं बोलण्यात कानडी मिसळलेली, पोरींना लाडानं 'अव्वा' म्हणायच्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर, तिथं चार-पाच लेकरं सांभाळायच्या. मी सकाळी दुधाची बाटली देऊन जायची आणि संध्याकाळी ती भरलेलीच परत आणायची. "आज बी न्हाई घेतलं," त्या म्हणायच्या, आणि मी घाईनं लेकीला घेऊन निघायची. त्यापलीकडं आमचं बोलणं नव्हतं.

एक दिवस साहेब दौऱ्यावर होते, मी लवकर सुटले. अक्कांच्या घराला रस्त्याच्या बाजूला खिडकी आहे. दार वाजवायच्या आधी मी सहज आत डोकावले. फरशीवर लेकरं गोल बसली होती. मधे अक्का. प्रत्येकापुढं ताटली, अक्कांपुढंही. माझी लेक दोन्ही हातांनी ताटलीतलं काहीतरी करड्या रंगाचं, दाटसर, ओरपत होती. नाकाला लागलेलं, केसांना लागलेलं. संपलं तशी तिनं ताटली उचलून अक्कांपुढं धरली. अक्का म्हणाल्या, "अजून पायजे अव्वा? घे." आणि वाटीतलं दही वर ओतलं. पांढरंशुभ्र दही. तिनं ते चाटून खाल्लं.

मी दार वाजवलं नाही. बाजूला सरून भिंतीला टेकून उभी राहिले. आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला, पण नंतर, बऱ्याच वेळानं. आधी जे झालं त्याला मला नाव देता येत नाही. ती सगळं खात होती. माझ्या हातचं तेवढं तिला नको होतं.

शेवटी आत गेले तेव्हा माझे डोळे अक्कांना दिसलेच असणार.

"कधीपासून खाते ही?" मी विचारलं.

"लई दिवस झाले. रागीची, तुमच्या नाचणीची, अंबली करते मी, ताक घालून. दही बी खाती. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. तुमी रोज दुधाचंच विचारता."

मी खाली बसले. अक्कांनी मला न विचारताच एका वाटीत अंबली वाढली. आंबूस, जिऱ्याची, गार. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे वाटी तोंडाला लावल्यावर लक्षात आलं. लेक खेळायचं थांबून माझ्याकडं बघायला लागली. जवळ आली. माझ्या तोंडात बोट घालून बघितलं, आत काय आहे ते.

अक्का म्हणाल्या, "घरी जेवता का तुमी हिच्यासमोर?"

मी आठवून बघितलं. जेवत नव्हते. तिला भरवायची, ती झोपली की ओट्यापाशी उभ्यानंच दोन घास गिळायची. एकटीसाठी ताट काय वाढून घ्यायचं? माझ्या लेकीनं तिच्या आईला बसून जेवताना बघितलंच नव्हतं. तिच्यासाठी जेवण म्हणजे समोर बसलेली, घाबरलेली एक बाई आणि पुढं येणारा चमचा.

त्या दिवसापासून मी खाली चटई टाकून दोन ताटल्या घ्यायला लागले. चमचा ठेवला नाही. मी माझं खायची, तिच्याकडं बघायची नाही. बघायचं नाही हेच सगळ्यात अवघड होतं. तीन दिवस तिनं नुसतं कालवलं आणि फरशीला फासलं. चौथ्या दिवशी स्वतःची ताटली सोडून माझ्या ताटलीत हात घातला आणि दहीभात तोंडात कोंबला. मी समोरच्या भिंतीकडंच बघत राहिले.

त्याच सुमारास नवरा आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक गाठोडं होतं. मायनं नांदेडला येणाऱ्या कुणाच्या हाती पाठवलेलं. सावलीत वाळवून चुरलेला शेवग्याचा पाला आणि भाजलेल्या तिळाचं कूट. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला नवऱ्याकडून कळलं होतं. मी लगेच फोन लावला.

"पोचलं का?" ती म्हणाली.

"पोचलं, माय."

"वरणात टाक चिमूट चिमूट. कडू लागंल लई टाकलं तर."

दातांचं ती बोलली नाही, मीही बोलले नाही. ते तसंच राहिलं. ते शब्द परत घ्यायची वाट मला सापडली नाही, आणि माय आता थकली आहे.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला, लेकीला टेबलावरून उतरवून चालायला लावलं. ती भिंत धरून दारापर्यंत गेली आणि तिथून भिंत सोडून परत आली. "छान," ते म्हणाले. "हाडं चांगली आहेत. थेंब चालू ठेवा. दुधाचं विसरून जा." घरी येऊन मी रतीब बंद केला.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगायला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. अक्का गावी गेल्या होत्या, माय विहारात असणार. समोरच्या वसतिगृहातली पोरं मेसला निघाली होती, चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि गल्ली रिकामी झाली. मग मी लेकीलाच समोर बसवलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते पहिल्यापासून सांगितलं. ती जमिनीवर सांडलेला एकेक तीळ बोटाच्या टोकानं उचलण्यात गुंग होती. मी सांगून संपवलं तरी तिनं वर बघितलं नाही.