रिपोर्ट त्यानं माझ्यापासून लपवला

नामदेव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलाच होतो. आदल्याच बाजारात, लासूर स्टेशनला, एका बैलजोडीवरून आमचं वाजलं होतं. दोघंही खिशात काही नसताना या धंद्यात आलो आणि एकमेकांशी भांडत मोठे झालो. उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव करायचा, ही आमची रीत. त्या दिवशी सौदा मोडला, तरी तो माझा हात सोडेना. "काय शेठ, दम संपला व्हय? अजून दोन शिव्या दे की!" मला वाटलं, दमवून भाव पाडतोय. हात झटकून निघून आलो...

राग अजून आहे. कारण दहाव्याला वहिनींकडून कळलं, की त्याला आधीच कल्पना होती. मागच्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्ताची एक वेगळी तपासणी केली होती. शरीर अन्न पचवतं, जाळतं, त्यातून रक्तात बारीकसारीक पदार्थ उतरतात. त्यांतल्या काहींचं प्रमाण बिघडलं, तर हृदयाच्या रोग्याच्या जिवाला धोका जास्त. नामदेवचं बिघडलेलं होतं. "कधी, ते कुणी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "औषधं चुकवू नका." मला मात्र त्यानं "रिपोर्ट चांगलाय" एवढंच सांगितलं.

जन्मभर नुसत्या बोटांवर विश्वास ठेवला आम्ही एकमेकांच्या, आणि जिवाची गोष्ट त्यानं झाकली! मी वहिनींसमोर भडकलोच. "मी काय परका होतो? मुंबईला नेलं असतं, डॉक्टरशी भांडलो असतो!"

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, रिपोर्ट आल्यापासून घरात त्यांच्याशी कुणी मोठ्यानं बोललं नाय. भाजी अळणी म्हणून ते ओरडले, तरी आम्ही गप्प. एकदा म्हणाले, 'जितेपणीच फोटोत बसवलं तुम्ही मला. शेठला सांगू नका. तेवढा एकच भांडतो माझ्याशी.'"

मी उठून अंगणात गेलो. राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा, ते कळेना.

परवा पुन्हा बाजारात गेलो. थकवा आला होता, पण घरीही बसवत नव्हतं. समोरच्या व्यापाऱ्यानं माझ्या पहिल्याच भावाला होकाराची मान डोलावली. मी खेकसलो, "असा सौदा असतोय का? भांड की जरा!"

तो अदबीनं हसला. "काका, तुमच्याशी काय भांडायचं? तुमच्यावर आधीच लई दुःख आलंय."

जोडी स्वस्तात मिळाली.