भावसिंग मिस्त्रींच्या आठ पाचरी

औंढ्याजवळच्या तांड्यावरचे भावसिंग मिस्त्री बैलगाड्या दुरुस्त करता करता पलंग करायला शिकले. त्यांच्या पलंगाला खिळा नसे, चिकटवायला सरस नसे. आडव्या फळीचं टोक पायातून आरपार काढायचं आणि त्या टोकात लाकडाची पाचर ठोकायची, बस.

२००२ मध्ये माझ्या मुलीच्या, पूजाच्या लग्नाचा पलंग त्यांनीच केला. फळ्या पिवळसर सागवानाच्या. पाय आणि पाचरी शिसवाच्या, जवळजवळ काळ्या. पायच काळे का, असं मी विचारलं.

"फरशी पुसता तवा पाणी पायालाच लागतं ना, ताई? शिसव पाणी सोसतं."

पण शिसव अजून पुरतं वाळलं नव्हतं आणि लग्न वैशाखातून फाल्गुनात आलं.

"एवढी घाई काहून करून राहिल्या?"

"मिस्त्री, मुहूर्त मी काढला का?"

"मग ऐका. उन्हाळ्यात पाय आकसतील, सांधे ढिले पडतील. म्हणून पाचरी दोन बोटं बाहेर ठेवल्या. मी येऊन ठोकीन. तवर कुणी हात लावू नका."

लग्नाच्या गडबडीत हे हट्ट्याला, पूजाच्या सासरी, सांगायचं मी विसरले.

मे महिन्यात तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. "आई, पलंग कुरकुरतो गं. कूस बदलली तरी. सकाळी जावा हसतात. मी आता खालीच झोपते."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना घेऊन मी एसटीनं हट्टा गाठलं. ते पलंगाजवळ बसले, सांध्यांवरून बोट फिरवलं आणि थांबले. आठही पाचरी फळीला सपाट कापलेल्या. ठोकायला काही उरलंच नव्हतं.

पूजाचे सासरे अमृतराव पुढे आले. "मीच कापल्या. सारखं लुगडं अडकायचं. मिस्त्री, काम अर्धवट सोडलं होतं तुमी."

चूक माझी होती, निरोप मीच दिला नव्हता. मिस्त्री मात्र हसले आणि पिशवी पालथी केली. शिसवाच्या आठ नव्या पाचरी जमिनीवर पडल्या.

"जिथं पलंग देतो तिथं कुणीतरी कापतंच, मालक."

जुने तुकडे काढून त्यांनी नव्या पाचरी ठोकल्या, पुन्हा थोड्या बाहेर ठेवून. मग म्हणाले, "बसा."

अमृतराव बसले. हलले. आवाज नाही. मुद्दाम जोरात हलले. दारातल्या जावा तोंडाला पदर लावून हसल्या, या वेळी सासऱ्यांना.

"दिवाळीनंतर पुन्हा दोन ठोके मारा," मिस्त्री म्हणाले.

पूजाच्या सासूबाईंनी अमृतरावांची करवत उचलली आणि धान्याच्या कोठीमागे ठेवून दिली.