दुसरी पंगत

परराष्ट्र खात्यात रुजू झाले तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम म्हणजे जेवणाच्या टेबलावर कोणाला कुठे बसवायचं ते आखणं. मुख्य पाहुणा यजमानाच्या उजव्या हाताला, मग मानाप्रमाणे एकेक खुर्ची लांब. एकदा एक परदेशी मंत्रिमहोदय चुकून दोन खुर्च्या खाली सरकले, तर सूप गार होईपर्यंत रुसून बसले. बडोद्याच्या लग्नांतल्या वरमाया पाहिलेल्या असल्यामुळे मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

देश बदलत गेले, बढत्या मिळत गेल्या आणि शेवटी मी राजदूत झाले. गाडीवर झेंडा आला, मानाची खुर्ची माझी झाली. आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू?

रजेवर बडोद्याला आले की गौरीच्या जेवणाला दांडिया बाजारात दादाकडे जायचे. तिथेही मान होताच. पहिल्या पंगतीला शेजारची गुजराती मंडळी, दादाचे मकरपुऱ्याच्या कारखान्यातले जुने सोबती आणि मी. वहिनी आणि सुना वाढायच्या आणि घरच्या बायका मागून, दुसऱ्या पंगतीला बसायच्या. पहिल्या पंगतीला पोळी गरम मिळते, पण खऱ्या गप्पा दुसऱ्या पंगतीत रंगतात. आई होती तोवर मी तिच्या शेजारी तिथेच बसत असे. मला ती जागा परत हवी होती.

निवृत्त झाल्यावर मांजलपूरला फ्लॅट घेतला तो त्यासाठीच. पहिल्याच गौरींना मात्र सवयीने फुलांचा गुच्छ आणि मिठाईचा खोका घेऊन गेले. जेवायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं. वहिनी म्हणाली, "अगंबाई, वन्सं, कशाला एवढं?" आणि तिने मला नेऊन थेट दादाच्या उजव्या हाताला बसवलं. मी वाढायला उठले तर दादा म्हणाला, "बस गं, एक्सलन्सी! तू कशाला त्रास घेतेस?" सगळे हसले, मीही हसले. परतताना रिक्षात मात्र डोळ्यांतलं पाणी थांबेना. स्वतःच्या भावाच्या घरी मी पाहुणीच राहिले होते.

दादाला सांगता आलं असतं. पण परक्या सरकारांशी तासन् तास वाटाघाटी केलेल्या मला "मला घरचं समजा" एवढं काही म्हणता येईना. ते मागून घ्यायची गोष्टच नव्हे.

यंदा सकाळीच गेले, जुनी सुती साडी नेसून, हात हलवत. सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि विचारलं, "काय चिरू?" वहिनीने मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लाल भोपळा पुढे सरकवला. थोड्या वेळाने ती बघायला आली आणि म्हणाली, "वन्सं, केवढाल्या फोडी केल्यात! शिजायच्या कधी या?" मला एवढं स्पष्ट कोणी बोललं त्याला वर्षं लोटली होती. मी फोडी निमूट बारीक केल्या आणि मनातून इतकी खूश झाले की सांगता सोय नाही.

दुपारी पंगत बसली. शेजारच्या काकांनी दादाच्या उजवीकडची जागा दाखवत हाक मारली, "आवो बेन, अहीं बेसो!" मी दारात उभी होते. दादाही वळून बघायला लागला. आता पुन्हा बसावं लागणार, म्हणून माझं तोंड उतरलं. तेवढ्यात वहिनीने माझ्या हातात कटाच्या आमटीचं पातेलं दिलं.

"आमटी तुम्ही फिरवा, वन्सं. आपण मागून बसू."

मी वाढायला लागले. दादाच्या वाटीत आमटी ओतताना थोडी सांडली. त्याने काही एक्सलन्सी वगैरे म्हटलं नाही. "नीट वाढ गं," एवढंच म्हणाला.

आम्ही बसलो तेव्हा भोपळ्याची भाजी संपलेली होती आणि पोळ्या गार झाल्या होत्या. डब्यात तळाशी एक करपलेली पोळी राहिली होती. वहिनीने ती उचलून माझ्या पानात टाकली.

"घ्या," ती म्हणाली, "घरच्यांना चालते."