अण्णानं लॅमिनेशन केलेला ईसीजी

"हार्ट अटॅक असेल, नाहीतर हृदयाच्या स्नायूचा जुना आजार असेल," माझा आत्ताचा ईसीजी बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागचा ईसीजी असला तर ताडून बघता येईल."

मला काहीच उलगडेना. छातीत दुखत नव्हतं. जिना चढताना दम लागायचा आणि त्या दिवशी सोलापुरातल्या कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे उचलताना डोळ्यांपुढं अंधारी आली, एवढंच.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावर उमटलेला आलेख. माझा दोन वर्षांपूर्वी काढला होता. "व्हय, हाय की!" म्हणत माझा थोरला भाऊ, अण्णा, कुंभारीला घरी जाऊन घेऊन आला.

अण्णाला कागद जपायचं भारी वेड. रेशनकार्ड, दाखले, इतकंच काय, माझी लग्नपत्रिकाही त्यानं लॅमिनेशन करून ठेवलीय. ईसीजीही तसाच जपलेला. प्लॅस्टिकच्या आत काळाठिक्कर!

"लॅमिनेशनच्या मशीनमधनं असाच निगाला," अण्णा म्हणाला. "मला वाटलं, डॉक्टरला दिसत आसंल. एक्स-रे बी काळाच आसतोय की."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. हा कागद उष्णतेनं काळा पडतो, त्याचा फोटो काढून ठेवायचा असतो. तुम्हीही ठेवा.

मग अँजिओग्राफी, म्हणजे मनगटातून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघणं. त्या मोकळ्या निघाल्या. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आणि नाव कळलं: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू जाड होत जातो. अटॅक नाही म्हणून हसावं, की हे जन्माचं दुखणं म्हणून रडावं?

"हा आजार घराण्यात असू शकतो. सख्ख्या भावंडांना तपासू," त्या म्हणाल्या.

"मला काय झालंय? ह्याला मीच उचलून आणलंय की," अण्णा कुरकुरला, पण ईसीजीसाठी पलंगावर आडवा झाला.

त्याचा कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला. ठरावीक जागी लाटा तशाच उलट्या, मलासुद्धा दिसल्या. इकोतही तेच निघालं. अण्णाला एका दिवसाचाही त्रास नव्हता. माझ्या जेवणाचा डबा हातात घेऊन तो उभाच होता.

"तुम्ही आधी बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

हा आजार निघाला तर भावंडांना, मुलांना तपासायला घेऊन जा, कुरकुरले तरी. आता आम्ही दोघं गोळ्या घेतो, तपासणीला एकाच रिक्षानं जातो. लोक म्हणतात, तुझ्यामुळं त्याचं वेळेत कळलं. असेल. पण त्या दिवशी त्याच्या हातातला डबा घेताना मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. आजार मला झाला होता, आणि तो मीच त्याला दिल्यासारखं वाटत होतं.