पिशवीचा निकाल
मृत्यू समोर दिसला की माणूस अंतर्मुख होतो. मी तरी झाले. सोनोग्राफीच्या अहवालात ‘गाठ’ वाचली आणि सगळं लक्ष ओटीपोटात गेलं. तिथे वर्षभर दुखत होतं. बसलं की दडपण, संध्याकाळी ठणका. मावशी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली होती, त्यामुळे पुढचं मला पाठ होतं.

वाकडच्या डॉक्टरांनी मला हातही न लावता अहवालावर पेन टेकवलं. “पिशवी काढून टाकू. कटकट संपेल.” मागच्या भिंतीवर इतकी सन्मानचिन्हं होती, की माझ्या शंकेला टेकायला जागा नव्हती.

सासूबाई मराठवाड्यातल्या. “काढून टाक की! आमच्याकडं समद्यांनी काढल्यात. दोन लेकरं झाली, आता काय लोणचं घालतीस तिचं?”

मी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. धाकट्याला आत्तापासूनच पोळ्या शिकवाव्यात का, याचा गंभीरपणे विचार केला.

दुसरं मत घ्यायला मारुंजीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारतच सुटल्या. पाळीत वाढतं का? संबंधाच्या वेळी? लघवी करताना?

“सुट्टीच्या दिवशी?”

“कमी असतं.”

“कामावर पाणी किती पिता?”

“दुपारनंतर नाहीच. हिंजवडीतून ऑफिसची कॅब निघाली की ट्रॅफिकमध्ये कुठे अडकेल नेम नाही. आमच्या कॅबमधली कुठलीच बाई पीत नाही.”

“आणि लघवी लागली तर?”

“घरापर्यंत धरून ठेवते.” हे मी जरा अभिमानाने सांगितलं.

मग मला विचारून त्यांनी आतून तपासलं. एका जागी बोट दाबलं आणि मी किंचाळले. हेच ते, वर्षभराचं.

“हा स्नायू आहे. लघवी धरून धरून सतत आवळून बसलाय. गाठ लहान आहे, साधी दिसते, अशी पुष्कळ जणींना असते. काही महिन्यांनी परत बघू. दुखतंय ते तिच्यामुळे नाही.”

“पण कॅन्सर?”

“तसं काही दिसत नाही. लघवी तपासून घेऊ. आणि हा स्नायू सैल सोडायला शिका, फिजिओथेरपिस्ट शिकवतील.”

सैल सोडणं मला बरेच आठवडे जमलं नाही. पिशवी जागेवर आहे. कॅबमध्ये बसण्याआधी मी आता लघवीला जाते.